तीन लाल टाके

टेबलावर पाच चादरी ओळीने मांडल्या होत्या. नाव एकीवरही नाही, नुसते आकडे. भिंतीकडच्या बाकावरून गोजराबाई बघतच राहिली. सरकारी दवाखान्यांच्या या खरेदीत बोईसरच्या बड्या पुरवठादाराची चादर कोणती आणि नवापूरच्या पंधरा कोळणींनी शिवलेली कोणती, हे कोळगावच्या कचेरीत साहेबांनासुद्धा ठाऊक नव्हतं! नियमच तसा. नाव झाकायचं, काम बघायचं. असला नियम करणाऱ्याला मनातल्या मनात तिने हात जोडले.

खरेदी अधिकारी वैभवी मॅडम एकेक चादर उजेडात धरून शिवण ताणून बघत होत्या. चौथीला त्या थांबल्या. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके होते.

गोजराबाईच्या घरची खूण! मासळीची पाटी असो, जाळं असो, जाळ्यावर तरंगणारा बोया असो, लाल दोरा घातल्याशिवाय तिच्या हातून वस्तू दाराबाहेर जात नसे. भर दर्यात त्याच दोऱ्यावरून कळायचं, जाळं कोणाचं ते. मेला सवयीचा हात, चादरीवरही चालला होता.

"ओळख पटेल अशी खूण असली तर नमुना बाद," मॅडम म्हणाल्या आणि बाकाकडे वळल्या. "ही कोणाची, कोणी ओळखतं का?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुंदन होता. त्या बड्या पुरवठादाराचा माणूस, पण जन्म नवापूरचा, घर गोजराबाईच्या भिंतीला लागून. त्याने तोंड उघडलं की पंधरा जणींचं वर्षभराचं काम बुडालं.

कुंदनने वाकून टाके बघितले.

"नाही, मॅडम."

बाकावरच्या बाकीच्या पुरवठादारांनीही नकारार्थी माना हलवल्या. ओळख पटली नाही, म्हणून नमुना राहिला आणि तपासणी पुढे सरकली. सगळ्यांत पक्की शिवण चार नंबरची निघाली. मग बंद पाकीट फोडून मॅडमनी नाव वाचलं, नवापूरचा महिला बचत गट.

गोजराबाईने कुंदनला जिन्यात गाठलं.

"तू वळखलीस ना रे?" तिने विचारलं.

"वळखली म्हणून तर," कुंदन म्हणाला. "दुसऱ्याच्या खुणेच्या बोयाला आपण हात लावतो काय, काकी?"