उपडी बादली

आईचं चित्रपुस्तक छापून आलं. मोठ्या माणसांवाचून एकत्र घर थाटणाऱ्या पोरांची गोष्ट. पहिली प्रत तिने हौसेने लेकीच्या हातात ठेवली. पानं उलटताना लेक एका चित्रापाशी थांबली. उपड्या बादलीवर चढून मुलगी गॅसवर दूध तापवतेय, धाकटा भाऊ बादली घट्ट धरून बसलाय. “ही आपलीच बादली! कडीसुद्धा तुटकीच काढलीस.” “अगं, तेव्हाच दारातून रेखाटून ठेवलं होतं. तुम्हाला पत्ताही नव्हता.” “आम्हाला वाटायचं, तू कामात असतेस. मग आत का नाही आलीस?” “आले असते तर तुम्ही हलला असतात.” लेकीने मनगट चोळलं. “हात भाजला त्या दिवशीही दारातच होतीस?” आईने पेन्सिल उचलली. चित्रात स्वतःला उभं करायला दार शोधू लागली. दार नव्हतंच. दारात उभी राहूनच तर तिने चित्र काढलं होतं.