मल्लेश सरांचं टीमवर्क

“टीमवर्क पुस्तक वाचून येत नस्तंय मॅडम, करून बघितलं की येतंय. सिद्धांतच हाय तसा!” बंगळुरूचं शिबिर करून आलेल्या मल्लेश सरांनी प्राचार्यबाईंना ठणकावून सांगितलं.

“व्हय का? फसलं तर तुमचा हा तास बंद बघा, सर.”

सर स्वतःच पेशंट होऊन ऐटीत स्ट्रेचरवर आडवे झाले. एरवी एकमेकांशी न बोलणारी नर्सिंग, फार्मसी, फिजिओ आणि लॅबची चार कन्नड पोरं चार कोपरे उचलून चालू लागली. वाटेत टेबलावर पाहुण्यांसाठी आणलेली बिदरीची, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेली, महागडी सुरई होती. स्ट्रेचर तिला धडकणार, तोच सर ओरडले, “अरे, बिदरी! बिदरी!”

पोरांना ऐकू आलं ‘बिड्री’, म्हणजे कन्नडात ‘सोडा’.

 

वर्षभरात पहिल्यांदाच चौघांनी एकजुटीनं एक काम केलं, स्ट्रेचर सोडलं.