बॅटरीतलं जस्त

डॉक्टर नसीम शेख गोठ्यात पोचले, तेव्हा मैनाबाई गवळ्यांचं दहा दिवसांचं वासरू मान टाकून पडलं होतं आणि शेजारी घरातली दिव्यांची बॅटरी फोडून ठेवलेली होती.

"तीन दिवस हगवण थांबेना," मैनाबाई म्हणाल्या. "मागं तुम्हीच म्हणालात, जस्ताचं औषध आता मिळायचं नाही, सगळं जस्त बॅटऱ्यांनाच लागतंय. म्हणून हिच्यातली भुकटी काढून सकाळी पाजली."

डॉक्टरांनी वासराचं तोंड उघडून पाहिलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या बॅगेत जस्ताचं औषध असायचं. चिमूटभर औषधानं कितीतरी वासरं सावरली होती. या भुकटीनं मात्र वासराचं तोंड आतून भाजून निघालं होतं. त्यांनी सलाईन लावलं, पण तासाभरात वासरू गेलं.

मैनाबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "माझ्या हातानं गेलं का हो, डॉक्टर?"

"नाही, बाई. औषध बरोबरच होतं. वासरूच अशक्त होतं."

दाराशी उभ्या शेजारच्या शेवंताबाईंनी ते ऐकलं. त्यांच्याही वासराला कालपासून हगवण लागली होती. "आमचं तर चांगलं धडधाकट आहे," असं म्हणत त्यांनी उरलेली भुकटी वाटीत भरली आणि त्या लगबगीनं निघाल्या.

डॉक्टर दारात आडवे आले.

"शेवंताबाई, ती पाजू नका. तिच्यानंच हे वासरू मेलं."

मैनाबाईंनी वर पाहिलं नाही. वासराच्या तोंडावरचा फेस त्या पदरानं पुसत राहिल्या.