बाही

"ताई, सरांनी हा डाव अर्धाच शिकवला."

बाबा जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांच्या ज्युदोच्या वर्गात मी त्या मुलीला पायाची हूल दिली, मग गर्रकन फिरून कमरेवरून टाकलं. बाही शेवटपर्यंत धरली, म्हणून ती अलगद पडली.

"बाही सुटली की खांदा जातो ना? सरांचा तसाच गेला?"

"ते काय सांगायचे?"

"म्हणायचे, मीच चुकीचा पडलो."

बावीस वर्षं बाबांचा उजवा हात डोक्यापर्यंत पोचला नाही. भांग आई पाडायची. बावीस वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकात मी त्यांच्यावर हाच डाव केला होता. ते हवेत असतानाच टाळ्या पडल्या आणि मी बाही सोडून लोकांना हात केला.

"ते बरोबर पडले होते," मी म्हणाले. "बाही मी सोडली."

तिची बाही अजून माझ्या मुठीत होती.