फक्कीची रेघ

प्रयोगशाळेतल्या दोन्ही बशांत आईच्याच कर्करोगाच्या पेशी होत्या. काल मी त्यांच्या थरावर नळीच्या टोकाने रेघ ओरखडली होती. पहिल्या बशीतल्या पेशींनी सरपटत येऊन ती बुजवली. दुसरीत मायक्रोआरएनएचा रेणू सोडला होता. तिथली रेघ लख्ख! “मेल्या का एकदाच्या?” सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आईने विचारलं. “जिवंत आहेत. हा इवलासा रेणू त्यांना भटकू देत नाही.” “आणि माझ्या यकृतात पोचल्यात त्या?” “याचं औषध व्हायला वर्षं लागतील, आई.” “मी औषध मागितलं का?” आई शाळेत खेळाची शिक्षिका, मैदानावर फक्कीच्या रेघा तीच आखायची. तिने हातमोजे चढवले, रेणू घातलेली नवी बशी घेतली. “तुझी रेघ वाकडीय. आण ती नळी.” मनगट दुसऱ्या हाताने धरून सरळ रेघ मारली. मग स्वतःच्याच पेशींना दरडावलं, “आता ओलांडून दाखवा!”