दर्भाचा कावळा

वडिलांचा पिंड मांडून दीड तास झाला होता. खरे कावळे नाहीसे झाल्यापासून घाटावर यंत्राचा कावळा असे. मृताचं मृत्युपत्र त्याला वाचायला दिलेलं असे, आणि वारसाचा शब्द खरा वाटला तरच तो पिंडाला शिवे.

"अण्णा, तुमच्या इच्छेप्रमाणे टेकडीवर झाडं लावू, वस्तीला वाचनालय बांधू," हेरंब तिसऱ्यांदा म्हणाला. कावळा खांबावरून हलला नाही.

"दादा, टेकडीचं काय केलंस?" बहीण सुनीतीने हळूच विचारलं.

हेरंब गुरुजींकडे वळला. झाडांसाठी ठेवलेली ती टेकडी त्याने अण्णा गेल्याच्या चौथ्या दिवशी खाणवाल्याला विकली होती. तिथे सकाळपासून सुरुंग लागत होते.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळं करा आम्हाला," तो म्हणाला. कावळा शिवलाच नाही तर पूर्वीपासून तसंच करत आले होते.

गुरुजींनी आपली पिशवी उलटी करून झटकली. त्यातून नुसती माती पडली.

"दर्भ आता तेवढ्या टेकडीवरच उगवायचा," ते म्हणाले. "अण्णाच आणून द्यायचे."