गुडघ्याची बातमी

हणमंताने गुडघा पुन्हा वाकवून दाखवला. आज समोर पोस्टमन होता.

बास्केटबॉल लीगची खेळाडू निवड तोंडावर आली होती आणि निळ्या जर्सीच्या संघाचा मॅनेजर दिसेल त्याला सांगत सुटला होता, "पोरगा उंच आहे, पण गुडघा कामातून गेलाय." बातमी तालुक्याला पोचेस्तोवर गुडघ्यात लोखंडी पट्टी बसली, जिल्ह्यात तर अख्खा पाय लाकडाचा झाला.

"आता कोण घेतंय मला, आत्या?" हणमंत खाटेवर आडवा झाला. पाय नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर गेले.

आत्याचा जन्म म्हशी घेण्याविकण्यात गेला होता. "बाजारात म्हशीला जो जास्त नावं ठेवतो, तोच शेवटी तिचं दावं धरतो," ती म्हणाली.

संध्याकाळी टीव्हीवर नावं पुकारली. एकेक संघ त्याला टाळून पुढे गेला. अगदी शेवटी, पडत्या भावात, निळ्या जर्सीने त्याला उचललं.

गल्लीत फटाके वाजले. हणमंत उठलासुद्धा नाही, ज्याला त्याला गुडघा वाकवून दाखवून इतका तो शिणला होता.

आत्याने त्याचा गुडघा थोपटला. "स्वस्तात नेलं रे तुला. दूध दे त्यांना, पण पहिल्या दिवशी एक लाथही घाल. याच पायाने."